कारभाऱ्यासाठी जांभळाचं मूळ

दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं आत येतं आणि काचेच्या टाकीतल्या पाण्याला लागतं, तेव्हा ते नुसतं पाणी राहत नाही. कोऱ्या चहाचा रंग म्हणावा, तर त्याहून फिका. मधाचा म्हणावा, तर त्याहून खोल. आणि वास! झाकण उचललं की पूर ओसरल्यावर काठाच्या गाळाला, उघड्या मुळांना, भिजल्या पाचोळ्याला जो गार, तुरट वास सुटतो, तोच वास माझ्या बाहेरच्या खोलीत दरवळतो. दाराबाहेर चैत्राचं ऊन रस्त्याचं डांबर मऊ करतंय, आणि इथं काचेआड घोडनदीचा एक तुकडा निवांत बसलाय. शेजारच्या शांतावहिनी रोज टोकतात, "आप्पा, पाणी बदला की. किती घाण झालंय ते!" त्यांना काय सांगावं? पाणी घाण झालेलं नाही, मुरलंय. लोणचं मुरलं तर वाटी पुढं करता, मग पाणी मुरलं तर नाक का मुरडता?

मी शाळेत फार गेलो नाही. जे चार जड शब्द माझ्या तोंडी येतात, ती कीर्तनाला मांडी घालून बसल्याची कमाई. तेव्हा कुठं शब्द मोठा आणि माणूस लहान दिसला, तर सांभाळून घ्या. सांगायचं आहे ते साधंच आहे. माशांच्या टाकीत लाकूड कसं घालावं, आणि कसं घालू नये. त्यातलं दुसरं मला जास्त चांगलं येतं, कारण मी ते आधी केलं.

टाकी माझी नव्हे, माझ्या मंडळींची. सगुणेची. गुडघ्यांनी दगा दिला आणि तिचं रानात जाणं बंद झालं, तेव्हा शिक्रापूरला दिलेली आमची लेक ही काचेची पेटी गाडीत घालून घेऊन आली. आईला बसल्या जागी काहीतरी हलतं-डुलतं दिसावं, एवढाच तिचा हेतू. मी तोंडावर बोललो, "मासा ताटात शोभतो, हॉलात न्हाई." पण दुसऱ्या दिवसापासून सगुणेची पाटाची जागा हलली ती थेट टाकीसमोर. निवडायची मेथी तिथं, सोलायचा लसूण तिथं, मला घालायचे टोमणेही तिथूनच. टाकीत रंगीत, झुपकेदार शेपट्यांचे मासे होते, आणि एक होता काळा, खरबरीत अंगाचा, काचेला तोंडाने चिकटून बसणारा कुरूप मासा. दुकानदार त्याला सकर म्हणतात. सगुणेनं त्याचं नाव ठेवलं कारभारी. लेकीनं विचारलं, असलं कसलं नाव? तर म्हणाली, "दिवसभर भिताडाला टेकून गप बसतो, कुणाशी धड बोलत न्हाई, आन् काकडी कापली की सगळ्यांच्या आधी हजर. मग दुसरं काय नाव ठिवू?" ती मलाही कारभारीच म्हणायची. त्यामुळे बाहेरून "अवं कारभारी" अशी हाक आली की मी आणि तो, दोघंही कान टवकारायचो.

गेल्या पावसाळ्यात सगुणा गेली. गेली म्हणजे वारली. देवाघरी गेली असं लोक म्हणतात, मला म्हणवत नाही. तिचं घर हे होतं. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे पांगले. लेकीनं माझ्या डोक्याचा ताप कमी व्हावा म्हणून रंगीत मासे आपल्या टाकीत नेले. कारभारी मात्र अंगानं वाढला होता, तिच्या लहान टाकीत मावेना. असे आम्ही दोन कारभारी मागं राहिलो. एक काचेच्या आत, एक बाहेर. आणि थंडी पडायच्या सुमारास माझ्या ध्यानात आलं की आतला खंगत चाललाय. काकडीची चकती टाकली की तोंड लावायचा आणि सोडून द्यायचा. पोट आत ओढलेलं, डोकं मोठं दिसायला लागलेलं, हवेच्या पंपाआडच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. तुम्ही म्हणाल, एका माशाचं एवढं काय? मीही आधी असंच म्हटलं असतं. पण सगुणेनं नाव ठेवलेलं, तिच्या हातचं खाल्लेलं असं जिवंत या घरात काय उरलं होतं? तो आणि मी. तो मेला असता, तर तिच्या हाकेला ओ देणारा मी एकटा राहिलो असतो.

दौंडच्या बाजारात माशांचं दुकान आहे, तिथं गेलो. पोरगेला दुकानदार, पण बोलणं थेट, मला आवडलं. "आबा, टाकीत लाकूड कुठंय?" म्हणाला. "ह्याला दिवसा लपायला आडोसा लागतो, आन् तोंड घासायला लाकूड. निस्ती काच चाटून कुणाचं पोट भरलंय का?" त्याच्याकडे विकायला लाकडं होती, वेडीवाकडी, देखणी, कुठल्याशा परमुलखातून आलेली. हातात घेऊन बघितली आणि ठेवून दिली. ज्या झाडाची सावली कधी अंगावर घेतली नाही, त्याचं लाकूड माणसानं घरात घ्यायचं कुठल्या ओळखीवर?

लाकडाची निवड म्हणजे सोयरीक असते. कूळ बघावं, स्वभाव बघावा, आणि पाण्याशी पटेल का ते आधी बघावं. करंज नको, हिंगण तर मुळीच नको. डोहात हिंगणबेटाचा चेचा टाकला की मासे गुंगून पोट वर करतात, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. लिंब औषधी खरा, पण कडवट. औषध रोज कुणी प्यावं? बाभळीच्या सालीनं चामडं कमावतात, तिथं माशाची काय गत? ओलं, चिकाचं लाकूड तर कुठलंच नको; ते पाण्यात कुजतं आणि पाण्यालाही कुजवतं. मग राहिलं कोण? राहिलं जांभूळ! जुनी माणसं विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालायची, उगीच का? पिढ्या बदलल्या, विहिरींचे मालक बदलले, वाटण्या झाल्या, पण तळातलं जांभूळ पाण्याशी एकनिष्ठ राहिलं. आणि जांभूळ म्हटल्यावर माझं मन पळालं ते थेट शिरूरकडं, घोडनदीच्या काठी, सगुणेच्या माहेरी. तिथं काठावर एक म्हातारं जांभूळ होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा नवी नवरी त्याच्याखाली उभी राहून लुगड्याच्या ओच्यात जांभळं गोळा करत होती आणि माझ्याकडं बघून जांभळी जीभ काढून पळाली होती. पुढं कुठल्याशा पुरात ते झाड कलंडलं. खोड लोकांनी नेलं. मुळं मात्र काठावर ऊन-पाऊस खात पडून राहिली, असं ऐकून होतो.

एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधूनच पाटसच्या कारखान्याकडं डुलत निघालेल्या ट्रॉल्या; बस त्यांच्या मागं गोगलगाय होऊन चाललेली. मेव्हणा काठी टेकत नदीवर आला. मूळ तिथंच होतं. चिखलातून उपसलेल्या हातासारखं, बोटं पसरलेलं, उन्हानं करडं पडलेलं, पण ठोकलं तर खणखणीत. मेव्हणा म्हणाला, "दाजी, सरपान पायजे तर ट्रॉली भरून देतो. ही वाळकी मुळी कशाला नेताय?" मी म्हटलं, "मासा खाणार हाय." त्याची बायको हिराबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मासा लाकूड खातो व्हय, दाजी?" मी म्हटलं, "तुमचे मालक तंबाखू खात्यात, तवा तुम्ही कधी हसला न्हाई ते?" मग मात्र ती हसायची थांबली आणि हळूच म्हणाली, "वन्संच्या झाडाचं हाय. तसं हात हलवत नका नेऊ." आणि मळ्यातल्या कोवळ्या काकड्या तोडून तिनं माझ्या पिशवीत भरल्या.

परतीच्या बसमध्ये मांडीवर मूळ घेऊन बसलो. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "आप्पा, हे काय?" मी म्हटलं, "माहेर शिरूरला, सासरी चाललंय." त्यानं तिकीट फाडता फाडता विचारलं, "मग वटी भरली का?" मी पिशवी उघडून काकड्या दाखवल्या. अख्खी बस हसली. कितीतरी महिन्यांनी मी माणसांना हसवलं होतं. सगुणा होती तोवर हे काम आम्ही दोघं मिळून करायचो. ती टोमणा मारायची, मी तोंड पाडायचो.

आता कृती ऐका. आधी खुरप्याच्या टोकानं सालीचे उरलेसुरले पापुद्रे काढले, कारण साल आधी सडते. जिथं बोट रुतलं तिथं भुसभुशीत भाग कोरून काढला. काथ्या घेऊन पाण्यानं घासलं. साबण नाही, सोडा नाही, कारण लाकूड जे पितं ते पुढं माशाला पाजतं. इथवर सगळं दुकानदारानं सांगितल्याप्रमाणं केलं. पुढं तो म्हणाला होता की मोठ्या भांड्यात चांगलं उकळा, म्हणजे आतली कीड मरेल, रंग उतरेल, आणि लाकूड पाणी पिऊन जड होईल. आणि इथं माझी अक्कल आडवी आली. एवढं पसरट मूळ मावेल असं भांडं घरात कुठलं? पण आमच्या मुलखात मोठं भांडं म्हणजे काय हे कुणाला सांगायला हवं? चुलतभावाचं गुऱ्हाळ कालव्याच्या कडेला धडधडत होतं, आणि तिथल्या भट्टीवर रस आटवायची काहील होती, जिच्यात बैल बसेल एवढी!

दिवसाचा शेवटचा गूळ उतरला होता, भट्टीत चिपाडांचा विस्तव फुललेला होता, आणि गूळ करणारा दगडू गुळव्या घाम पुसत बसला होता. मी मूळ पुढं केलं. दगडूनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "आप्पा, मूळव्याधीवर हाय का?" मी म्हटलं, "गप बस आन् पाणी वत." काहिलीच्या कडेला गुळाचा थर होता, तळाला काकवी साचली होती, त्यावर पाणी ओतलं, मूळ सोडलं, आणि खदखदा उकळी फुटली. काय त्याचं रूप सांगू! सोनेरी फेस त्याच्या बोटाबोटांतून वाहत होता. वाफेला असा सुगंध की देवाला नैवेद्य शिजावा. बाहेर काढलं तर करडं मूळ तांबूस, तुकतुकीत, नव्या नवरीसारखं. दगडू म्हणाला, "आता हे मासा कशाला, मीच खातो." मी छाती फुगवून घरी आलो.

मूळ टाकीत ठेवलं, तर ते वर तरंगलं. कोरडं लाकूड पाण्याला लगेच वश होत नाही. त्याला दाबून धरायला वजन लागतं. घरात डोळ्यांपुढं होता तो सगुणेचा वरवंटा. ती गेल्यापासून पाट्यावर तसाच आडवा पडला होता. काळा फत्तर, पाण्यात विरघळणार नाही, निरुपद्रवी. तो घासला, उकळला, आणि नायलॉनच्या दोरीनं मुळाला बांधून तळाशी बसवला. शांतावहिनी दारातून बघत होत्या. "मिरच्यांचा वरवंटा पाण्यात घालताय? मासा शिंकून शिंकून मरंल की!" मी म्हटलं, "तुमच्या कालवणानं आम्ही मेलो न्हाई, तो कशाला मरतोय?"

पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत आलो आणि बघतो तर काय! टाकीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं झालेलं. टेबलाच्या पायावरून, काचेवरून, झाकणाच्या फटीतून लाल मुंग्यांची दिंडी चाललेली. आणि माझा कारभारी, जो कधी तळ सोडत नाही, तो पाण्याच्या वर तोंड काढून घास लागल्यासारखा आ-ऊ करत होता. लेकीला फोन लावला.

"आप्पा, टाकीत काय घातलंत?"

"लाकूड. उकळून घातलंय, चांगलं."

"कशात उकळलं?"

मी आधी मुंग्यांकडं बघितलं. शेवटी म्हटलं, "काहिलीत."

"गुळाच्या?" ती ओरडलीच. "आप्पा, माशाला काकवी पाजलीत तुम्ही! गोडावर पाण्यात सगळं माजतं, त्याला हवा मिळत न्हाई. आधी बाहेर काढा त्याला, हंड्यात, साध्या बोअरच्या पाण्यात. पंप पण त्यातच सोडा. पळा!" आणि मी फोन खाली ठेवायच्या आत तिच्या तोंडून हसू फुटलं. आईच्या पाठीमागं तिचं हसणं मी ऐकलंच नव्हतं. ती हसतच होती, आणि मधेच ते हसू ओलं झालं. "आई असती ना," म्हणाली, "तर तुमचं हे गावभर सांगत फिरली असती."

सगुणेचा पितळी हंडा भरला. कारभाऱ्याला ओंजळीत उचललं; खरबरीत, हलका, वाळल्या पानासारखा. हंड्यात सोडला तर तळाशी आडवा. पंपाचे बुडबुडे सुरू केले आणि समोर बसून राहिलो. मूळ अंगणात भिरकावलं होतं. चुलीत घालावं असंच मनात आलं. ज्याच्यासाठी आणलं त्याच्याच जिवावर उठलं, तर माहेरचं म्हणून काय करायचं? पण दिवस मावळायच्या आत कारभाऱ्यानं एक पर हलवला, मग दुसरा, आणि सरपटत सरपटत जाऊन हंड्याच्या पितळेला तोंड चिकटवलं. चिकटला! मग उठलो, अंगणातलं मूळ उचललं आणि जनावरांच्या रिकाम्या हौदात पाणी भरून बुडवलं. चूक मुळाची नव्हतीच. त्यानं फक्त जे मिळालं ते पिऊन घेतलं होतं.

यानंतर मात्र मी घाई केली नाही. हौदातलं पाणी रोज उपसायचं, नवं भरायचं; हंड्यातलंही रोज बदलायचं. अधूनमधून तीन दगडांच्या चुलीवर अंघोळीच्या पातेल्यात आधी एक टोक, मग दुसरं टोक, असं अर्धं अर्धं उकळायचं. आणि गोडवा उतरला की नाही हे कसं ओळखायचं? मुळाचं पाणी वाटीत घेऊन पायरीवर ओतायचं आणि मुंग्यांची वाट बघायची. पहिल्यांदा त्यांनी गर्दी केली. मग थोड्या आल्या. मग एकटीदुकटी येऊन मिशा फिरवून निघून गेली. आणि एके सकाळी कुणीच आलं नाही. मुंग्यांनी पास केल्यावर मी टाकी धुऊन नव्या पाण्यानं भरली आणि मूळ पुन्हा तिच्यात घातलं, वरवंट्याला बांधून. आणि कारभाऱ्याला हंड्यातून घरी आणलं.

तुम्हाला वाटेल, झालं एवढ्यावर. कुठलं? थोड्या दिवसांत मुळावर कापसासारखी पांढरी बुरशी आली. मी घाबरून दौंड गाठलं. दुकानदार म्हणाला, "आबा, नव्या लाकडाला येतीच. जुन्या मऊ ब्रशनं पुसा, राहिलेली मासाच खाईल." तशी ती गेली. मग पाण्याला रंग चढू लागला; आधी पुसट, मग सोनेरी, मग हा असा. तोही दोष नव्हे, लाकडाचा कषाय, म्हणजे तुरट, रस आहे, आणि माशाला सोसतो, उलट सावलीसारखा सुखावतो. आता माझा नेम ठरलाय. आठवड्याला थोडं पाणी काढायचं, तेवढंच भरायचं. सगळं कधीच बदलायचं नाही. मुळावरचं शेवाळ काचेजवळ वाढलं तर खरवडायचं, पण सगळं नव्हे. काही त्याच्यासाठी ठेवायचं. बोटानं चाचपून बघायचं, कुठं मऊ लागतंय का. घरातल्या माणसाचं दुसरं काय करतो आपण? चाचपून बघतो, कुठं खुपतंय का, आणि उगाच खरवडत बसत नाही.

कारभारी आता मुळाच्या बोटांखाली राहतो. त्याच्या तोंडानं लाकडावर कोरलेल्या बारीक रेघा काचेतून दिसतात, ताज्या नांगरटीसारख्या. पोट भरलंय, अंगाला तकाकी आलीय. आज सकाळी टाकी साफ करताना नायलॉनची दोरी शेवाळानं माखलेली दिसली, म्हणून सोडली. मूळ उसळून वर येईल, म्हणून एक हात वर धरून उभा राहिलो. नाही आलं. वरवंटा बाजूला केला, तरी नाही. बोटानं हलवलं, जरासं डोललं आणि पुन्हा आपल्या जागी बसलं. मला वाटत होतं, याला जन्मभर दगड बांधून ठेवावा लागणार. पण दगडाची गरज होती ती ते पाणी पिऊन तृप्त होईपर्यंतच. आता त्याचा भार त्याच्याच आत आहे, आणि तो कुणाला दिसत नाही.

हातात वरवंटा तसाच राहिला. ओला, गार. त्याला कुठं ठेवायचं? त्याची जागा एकच होती. पाटा पुसला. हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण सोलला, मीठ घेतलं आणि वाटायला बसलो. धड जमत नव्हतं. मिरची इकडं पळत होती, वरवंटा तिकडं. भिंतीपलीकडून शांतावहिनींचा आवाज आला, "आप्पा? पाट्याचा आवाज तुमच्याकडनं येतोय का?" मी म्हटलं, "व्हय, मासा वाटतोय!" त्या हसल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरची तिखटच होती.

आता ऊन खिडकीत आलंय. पाण्याला तोच रंग चढलाय. चहाहून फिका, मधाहून खोल. ताटात भाकरी आहे, ठेचा आहे. काकडी कापायला घेतली, आणि हात आपसूक थांबला. सगुणा काकडीचा शेंडा कापून कापल्या जागी घासायची, पांढरा फेस काढायची, कडू निघून जावं म्हणून. इतके दिवस मी विसरलो होतो. शेंडा घासला, फेस काढला. एक चकती पाण्यात सोडली, बाकीच्या ताटात घेतल्या. मुळाच्या सावलीतून ते काळं, खरबरीत तोंड हळूच पुढं आलं.

"अवं कारभारी," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.